बेंबीखाली तीन बोटं

१

घरोघरी फिरून बाळंतिणींना तपासणाऱ्या सिस्टरचं एक ठाम मत होतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांना मुलंच होत नाहीत! पंचवीस वर्षांच्या नोकरीत तिने पाहिलेल्या बाळंतिणींपैकी निम्म्या तरी तिसऱ्या मजल्यावर होत्या आणि त्या इमारतींच्या लिफ्ट एकजात बंद. वय बावन्न, खांद्याला वजनकाट्याची बॅग, गुडघे रोज नव्याने तक्रार करणारे. तरीही दारामागून तान्ह्या बाळाचा आवाज आला की बाईंचा सगळा शीण पळायचा. स्वतःचं मूल नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर ती म्हणायची, "दुसऱ्यांचीच इतकी आहेत, अजून एक कुठे ठेवू?" आणि विचारणाऱ्याचं तोंड बंद व्हायचं.

त्या दिवशीचं घरही तिसऱ्याच मजल्यावर होतं. बाळंतपणाला तीन दिवस झालेले, बाई काल संध्याकाळीच दवाखान्यातून घरी आलेली. सिस्टरने बेल वाजवली आणि दारात उभी राहून सवयीने दोन्ही तळहात एकमेकांवर घासायला लागली. गार हात पोटावर ठेवला की बाळंतीण दचकते, पोट आवळून घेते आणि मग आतलं काही नीट लागत नाही.

तिचं खरं काम त्या हातातच होतं. बाळ झाल्यावर गर्भपिशवी बेंबीपाशी असते आणि मग रोज साधारण एक बोट खाली उतरते. तिसऱ्या दिवशी बेंबीखाली तीन बोटं. चेंडूसारखी गोल आणि कडक लागली म्हणजे बाई सुखरूप. सैल लागली, किंवा उतरायची सोडून वर चढली, म्हणजे धोका. बाकी सगळं कार्डावर लिहिलेलं असतं. हे मात्र बोटांनाच कळतं.

दार उघडलं ते खुद्द बाळंतिणीने. तिच्या दातांत दोन खिळे होते आणि हातात हातोडी.

"या सिस्टर, या! पडदा लावत होते. आमच्या यांना उंचीची भीती वाटते."

"रंगारी आहे मी," आतून नवऱ्याचा आवाज आला. "उंचीची कसली भीती? हिलाच धीर नाही."

आणि ती पुन्हा स्टुलावर चढली. कार्डाप्रमाणे तीन टाके पडलेली, दोन बाटल्या रक्त चढवलेली बाई उरलेले खिळे ठोकून टुणकन उडी मारून खाली उतरल्याचं सिस्टरने डोळ्यांनी पाहिलं. तिने हातोडी काढून घेतली, बाईला पलंगाकडे पिटाळलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. तो नवऱ्यापर्यंत, स्टुलापर्यंत आणि शेवटी पडद्याच्या रंगापर्यंत गेला. घरातली सगळी हसत होती. बाळाची आजी, म्हणजे बाळंतिणीची आई, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून हसत होती. साठीची, चष्मेवाली, आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई. बाळ जन्मल्यापासून लालबुंद होऊन रडत होतं, म्हणून दवाखान्यातच त्याचं नाव तात्पुरतं मिरची ठेवलं होतं.

मग सिस्टरने बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवला.

तिथे काहीच नव्हतं. सपाट, घट्ट, तरुण पोट. तिने बेंबीखाली तीन बोटं दाबली, चार दाबली, हाडापर्यंत गेली. पॅड पाहिला, कोरा. टाके पाहायला गेली तर टाके नव्हते. नुसते विरघळलेले नव्हेत, तिथे कधी काही फाटलं असल्याची खूणही नव्हती.

"दुखतंय का कुठे?"

"अजिबात नाही. मी पोहायला शिकवते ना, पोट कमावलेलं आहे," बाळंतीण म्हणाली. "सगळे म्हणतात नशीबवान आहेस."

सिस्टरने मान डोलावली. बाहेर पडून जिन्याच्या वळणावर ती थांबली आणि दवाखान्यात फोन लावला.

२

"कार्डांची अदलाबदल केलीत तुम्ही," तिने वॉर्डच्या सिस्टरला सांगितलं. असा घोटाळा आधीही झाला होता. एकदा जुळ्यांच्या आईचं कार्ड एका बिचाऱ्या आजोबांच्या फाइलला लागलं होतं.

"पोहायला शिकवते तीच ना? मिरचीची आई?" पलीकडची म्हणाली. "कार्ड बरोबर आहे. टाके मी स्वतः पाहिलेत. फार हाल झाले गं तिचे. ओरडून ओरडून घसा बसला. तिची आई उशाशी हात धरून बसलेली, सोडायलाच तयार नाही. आणि दुपारी अचानक सगळं थांबलं. रक्त थांबलं, दुखणं थांबलं. चहा पिऊन येते तर ही बाई पलंगावर मांडी घालून बसलेली!"

"तीन टाके पडलेली बाई मांडी घालून?"

"मलाही नवल वाटलं. पण मला पलंग हवा होता. चार जणी ताटकळत होत्या. पाठवून दिलं."

सिस्टरने फोन ठेवला. शरीर कधीकधी झटपट भरून येतं, हे तिला माहीत होतं. खेळाडूंचं तर येतंच. पण मांडीचं काही तिच्या मनातून जाईना. पुढच्या दोन घरी तिने वजनं चुकीची लिहिली आणि मग खाडाखोड करत बसली.

३

दुसऱ्या दिवशी तिने मिरचीला झोळीच्या काट्यात घातलं. चौथ्या दिवशी बाळाचं वजन जरा उतरलेलंच असतं. मिरचीचं पन्नास ग्रॅम वाढलं होतं.

"शाब्बास," सिस्टर म्हणाली. "दूध उतरलं वाटतं."

बाळंतिणीचा चेहरा जरासा पडला. "नाही ना. चोखते बिचारी, पण येत काहीच नाही."

सिस्टरने पाहिलं. खरंच काही नव्हतं. छाती कुमारिकेसारखी मऊ आणि कोरडी. मग हे पन्नास ग्रॅम हवेतून आले का? तिने मोर्चा रंगाऱ्याकडे वळवला. तो आतल्या खोलीची भिंत पिवळी करत होता, कोपरापर्यंत पिवळा झाला होता.

"डबा कुठे लपवलाय?"

"कसला डबा?"

"बाळाच्या दुधाचा. बाटलीने पाजता ना चोरून? मी ओरडेन म्हणून सांगत नाही."

"आईची शपथ, सिस्टर! वाटल्यास कपाटं उघडा." त्याने स्वतःच कपाटं उघडायला सुरुवात केली आणि प्रत्येक कपाटाच्या दाराला एकेक पिवळा पंजा उमटवला. डबा निघाला नाही. बाळंतीण हसून हसून पलंगावर आडवी झाली. तिने तशीच मिरचीला छातीशी घेतलं.

मिरचीने चोखायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात काहीतरी आदळलं.

सिस्टर आत गेली. आजीने ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. डोळे मिटलेले, ओठांतून लहान लहान फुंकरा सुटत होत्या. फू. फू. फू. खाली पातेलं पडलं होतं. बाहेर मिरचीच्या चोखण्याचा चुटुकचुटुक आवाज येत होता. तो थांबला तशी आजीची फुंकरही थांबली. मिरचीने पुन्हा सुरू केलं, आजी पुन्हा वाकली.

"गॅस झालाय," आजी म्हणाली आणि स्टुलावर बसली. आधी डाव्या कुल्ल्यावर, मग हाताने भार तोलत अलगद.

सिस्टरच्या मानेवर काटा आला. हे बसणं तिने हजारो वेळा पाहिलं होतं. टाके असलेली बाईच असं बसते. आणि बाळ अंगावर प्यायला लागलं की पोटात जी कळ येते, पिशवी आकसते तेव्हाची, ती कळ कशी दिसते हेही तिला ठाऊक होतं. मूळव्याध असेल, ती स्वतःशी म्हणाली. म्हातारपणी पोट बिघडतं. जगात मूळव्याध आहे, अपचन आहे, योगायोग आहेत.

"आजी, आतल्या खोलीत चला जरा."

"मला काय धाड भरलीय?"

"तेच बघायचंय."

४

आतली खोली लहान होती. एक खाट, कोपऱ्यात शिवणयंत्र, एक भिंत अर्धी पिवळी. ओल्या रंगाचा वास. आजी कुरकुरत खाटेवर पडली आणि पदर बाजूला केला तेव्हा सिस्टरला दिसलं, तिने छाती कापडाच्या पट्टीने घट्ट बांधली होती. पट्टीवर दोन ओले गोल डाग होते.

सिस्टरने हात एकमेकांवर घासले आणि आजीच्या पोटावर ठेवले. बोटांनी त्यांचं काम आपोआप केलं.

"बेंबीखाली दोन बोटं," तिच्या तोंडून सवयीने निघालं. "चौथ्या दिवसाच्या मानाने वर आहे. थोडी सैल वाटतेय."

मग तिने स्वतःचं बोलणं ऐकलं. बोटांच्या खाली कातडीवर एक जुना, पांढरा पडलेला आडवा व्रण होता.

"हा कसला?"

"पिशवी काढली तेव्हाचा," आजी म्हणाली. "वीस वर्षं झाली."

वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. सिस्टरला तो आवाज फार मोठा वाटला. हात काढून घ्यावा असं तिला वाटत होतं, पण निघेना. बाहेर मिरची रडली आणि सिस्टरच्या तळव्याखाली, जिथे काहीच असायला नको होतं, तिथे ते गोल काहीतरी हळूहळू आवळत गेलं, कडक झालं आणि पुन्हा सैल पडलं.

आजी तिच्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखी हसत होती.

"पोरगी गुरासारखी ओरडत होती हो," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं, तुझं सगळं मला येऊ दे. आपण सगळ्याच म्हणतो ना असं? लेकराला ताप आला तरी म्हणतो. मीही आयुष्यभर म्हणत आले, एकदाही लागू पडलं नव्हतं. या वेळी पडलं!" तिचे डोळे चमकले. "बघितलंत ना, कशी उड्या मारतेय?"

"आणि मिरचीला तुम्ही पाजता."

"ती आंघोळीला गेली की. भूक लागते हो पोरीला."

"किती जातंय अंगावरून?"

सिस्टरने तिच्या पापणीची आतली बाजू पाहिली. पांढरीफटक.

"आजी, दवाखान्यात चला."

"आणि सांगणार काय त्यांना?"

खरंच, काय सांगणार? डॉक्टर, या बाईला पिशवीच नाही आणि ती सैल पडलीय?

"साठीच्या शरीराला हे झेपणार नाही. बाळंतिणीची पिशवी रोज खाली उतरते. तुमची खाली जात नाहीये. उद्या ती अजून वर आली तर तुम्ही मरणार आहात. स्पष्ट सांगते."

"मरेन की," आजी इतक्या आनंदाने म्हणाली की सिस्टरला तिचा राग आला. "पण तिला कळता कामा नये. आधी शब्द द्या."

सिस्टरने शब्द दिला नाही. पिशवी कशी चोळायची ते तिने आजीला शिकवलं, लघवी तुंबवू नका म्हणून दम भरला, लोहाच्या गोळ्या दिल्या. उद्या दहा वाजता येते, आणि वर चढलेली असली तर मी कोणाचं ऐकणार नाही, असं बजावलं. मग बाहेर येऊन बाळंतिणीचं कार्ड भरायला बसली. पिशवी, बेंबीखाली दोन बोटं. रक्तस्राव, जास्त. दूध, भरपूर. एकही शब्द खोटा नव्हता. फक्त पोट दुसरं होतं.

५

पाचव्या दिवशी ती दहाच्या आधीच पोचली. जिने कधी चढली ते तिला कळलंही नाही. या वेळी दार रंगाऱ्याने उघडलं. घरात गाणी लागली होती, भिंत नुकतीच पूर्ण पिवळी झाली होती आणि त्याच्या हातांवरचा रंग अजून ओला होता. बाळंतीण मात्र खिडकीपाशी एकटीच उभी होती, केस ओले, नुकती आंघोळ करून आलेली.

"सिस्टर, एक विचारू? हसू नका."

"हसले तर फी देऊ नकोस."

"मला काही झाल्यासारखं वाटतच नाही." तिने पोटावर हात फिरवला. "सगळे म्हणतात नशीबवान आहेस. पण मिरचीला घेते ना, तेव्हा असं वाटतं, कोणीतरी रस्ता ओलांडेपर्यंत आपलं बाळ मला धरायला दिलंय. ती माझ्याकडे वळतही नाही. माझं काहीतरी राहून गेलंय हो. ते दुखणं मला आठवतं आणि मी चक्क ते शोधतेय. वेडी आहे ना मी?"

सिस्टरला हसू आलं नाही. आतापर्यंत तिला वाटत होतं की या घरात जीव एकीचाच जातोय.

"मिरची कुठे आहे?" तिने विचारलं.

"आई झोपवतेय आत."

त्या दोघी खोलीच्या दारापर्यंत गेल्या. दार बोटभर उघडं होतं. आतून आवाज येत होता, चुटुक, चुटुक, आणि मग एक भरलेला घोट. पुन्हा चुटुक, चुटुक, घोट. सिस्टरला तो आवाज जगातला सगळ्यात सुखाचा आवाज वाटत आला होता. त्या फटीतून दोघींना आजीची पाठ दिसली, मोकळे पांढरे केस, खांद्यावरून सुटलेली पट्टी आणि मिरचीची एक इवलीशी मूठ तिच्या छातीवर उघडत मिटत असलेली. आजी काहीतरी गुणगुणत होती. खाटेखाली फरशीवर लाल थेंब पडत होते. एक. मग एक. मग सलग.

बाळंतीण ओरडली नाही. तिने दार ढकललं.

"आई," ती म्हणाली, "ते माझं आहे."

६

रंगाऱ्याने धावत येऊन मिरचीला उचललं आणि सिस्टरने फोन करायला सांगितल्यावर तिला काखेत धरूनच अँब्युलन्सला फोन लावला. सिस्टर खाली गुडघे टेकून बसली. आजीच्या पोटावर हात ठेवला तर आतलं ते गोल आता बेंबीच्याही वर चढलेलं, सैल मळलेल्या कणकेसारखं पसरलेलं. ती गोल गोल चोळू लागली. आजीखाली सरकवलेला टॉवेल भिजत होता. मूळव्याध, अपचन, योगायोग यांतलं काहीही तिला आता आठवत नव्हतं.

"आई, दे," बाळंतीण तिच्या उशाशी बसली होती.

"काय देऊ?" आजीचा आवाज खोल गेला होता, हट्ट मात्र जिथल्या तिथे.

"घेतलंस ते."

"तुला झेपायचं नाही. किती ओरडत होतीस!"

"मग ओरडू दे ना मला! माझं बाळ, आणि मी ओरडायचंही नाही?"

"मी आई आहे तुझी."

"आणि मी हिची कधी होऊ? तू मेल्यावर?"

आजीने तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती पुटपुटली, "लहानपणापासून अशीच आहे. एक गोष्ट माझ्याकडे ठेवू देत नाही." मग तिने हात पुढे केला. लेकीने तो धरला. सिस्टरचा हात पोटावर होताच.

आणि सिस्टरच्या तळव्याखालून ते निघून गेलं.

पोट सपाट झालं. म्हातारं, रिकामं, व्रण असलेलं पोट. रक्ताची धार थांबली. आजीने दीर्घ श्वास घेतला.

"मला काहीच होत नाहीये," बाळंतीण म्हणाली. "सिस्टर, काहीच नाही! कुठे गेलं?"

सिस्टरच्या बेंबीखाली काहीतरी जड, गोल, ऊबदार येऊन बसलं होतं.

ते आवळलं. कळ इतकी सणसणीत होती की डोळ्यांपुढे पिवळी भिंत नाचली. आणि त्या कळेच्या पाठोपाठ, तिच्या मागोमाग धावत आल्यासारखा, एवढा आनंद आला की तिला रडू फुटलं. असा आनंद असतो? हजारो जणींच्या पोटांवर तिने हात ठेवला होता आणि कोणीच तिला हे सांगितलं नव्हतं. छातीत मुंग्या आल्या. रंगाऱ्याच्या काखेत मिरचीने रडणं थांबवलं, मान वळवली, सरळ सिस्टरकडे, आणि चिमुकलं तोंड उघडलं.

ती तिला ओळखत होती.

माझं नाही हे, सिस्टरचं शहाणं मन म्हणालं. दुसरं मन म्हणालं, कोणाला कळणार आहे? आजी वाचली. पोरगी धडधाकट आहे, तिला दुसरं होईल. तू जिना उतरून घरी जा. काही बोलू नकोस. ते मन तिच्यात इतकी वर्षं कुठे लपून बसलं होतं कोण जाणे. सिस्टरने एक श्वास घेतला, मग आणखी एक. सोडायला हवं होतं. तिने सोडलं नाही.

"सिस्टर," बाळंतीण तिच्याकडे टक लावून बघत होती. शेजारणीकडे वाटी मागावी तशा साध्या आवाजात तिने विचारलं, "तुमच्याकडे आहे का?"

सिस्टरने मान हलवली. नाही, अशी हलवली.

आजी कोपरावर उठून बसली. तिने सिस्टरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती रागावली नाही. गेले चार दिवस ती स्वतः तेच करत होती.

"कळतंय मला, बाई," ती हळू म्हणाली. "सोडवत नाही. पण माझ्या लेकीचं आहे ते."

सिस्टरने बाळंतिणीचा हात धरला. तो गार होता. तिने तो आपल्या दोन्ही तळव्यांत धरून घासला, ऊब येईपर्यंत. तेवढा वेळ तिने स्वतःला दिला. मग म्हणाली, "घे."

"आई गं!"

ती किंकाळी खालच्या मजल्यापर्यंत गेली असणार. बाळंतीण दुमडली, खाटेवर कोसळली, पुन्हा "आई गं, मेले मेले," ओरडली आणि त्यातच खदखदून हसायला लागली. तिच्या कुर्त्यावर दोन ओले डाग पसरले. "दुखतंय! सिस्टर, भयंकर दुखतंय! अहो, बघत काय बसलात, द्या तिला इकडे!"

रंगाऱ्याने मिरचीला दिलं. मिरची क्षणभर हुंगत राहिली आणि मग अशी तुटून पडली की तिची आई पुन्हा ओरडली. आजी हसत होती आणि रडत होती, रंगारी नुसताच रडत होता, पिवळ्या हातांनी डोळे पुसून तोंडही पिवळं करून घेत होता. सिस्टरने बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवला. कडक, गोल, जागच्या जागी. बेंबीखाली पाच बोटं. पाचव्या दिवशी पाच, अगदी हवी तशी.

"सुखरूप आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण त्या गोंधळात कोणाला कळलं नाही.

७

अँब्युलन्सची माणसं तीन मजले चढून धापा टाकत आली. पुढे एक दणकट बाई, मागे स्ट्रेचर घेतलेला माणूस. बाईने खोलीवर नजर फिरवली. फरशीवर रक्त. खाटेवर हसणाऱ्या दोन बायका, एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये एक बाळ. जमिनीवर गुडघे टेकून बसलेली, एप्रन रक्ताने भरलेली तिसरी. आणि दारात पिवळ्या तोंडाचा एक पुरुष.

"बाळंतीण कोण?" तिने विचारलं.

"मी," मिरचीची आई म्हणाली.

"मी," आजी त्याच दमात म्हणाली आणि जीभ चावली.

अँब्युलन्सवालीने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, आणि शेवटी, खात्रीचं उत्तर मिळावं म्हणून, सिस्टरकडे पाहिलं.

सिस्टरने ओठ घट्ट मिटून घेतले.